वैर की विश्वासभंग?

आधुनिक समाज ख्रिस्ती धर्माचा वैरी झाला आहे, ही तक्रार गेली कित्येक वर्षे पाश्चात्त्य जगात सातत्याने ऐकू येते. रोमच्या धर्मपीठापासून अमेरिकेतील प्रवचनकारांपर्यंत अनेकांनी ती केली आहे. वृत्तपत्रे चर्चची टिंगल करतात, न्यायालये भिंतीवरचा क्रूस उतरवायला सांगतात, संसदा धर्माला न मानवणारे कायदे संमत करतात आणि तरुण पिढी रविवारी चर्चकडे फिरकत नाही. हे सारे योजनाबद्ध शत्रुत्वाचे फळ आहे, असा या तक्रारीचा मथितार्थ. आपल्याकडे तिचे पडसाद दोन प्रकारे उमटतात. काही जण ती सहानुभूतीने उद्धृत करतात, तर काही जण युरोपातील रिकाम्या चर्चची छायाचित्रे पाहून टाळ्या पिटतात. दोघांचेही गृहीतक मात्र एकच : समाजाने धर्माचा पाडाव केला. हे गृहीतक घासून पाहायचे असेल, तर आयर्लंडसारखी दुसरी कसोटी नाही.

मराठी वाचकाला आयर्लंड परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ज्या होमरूल लीगची स्थापना केली, तिचे नावच आयरिश चळवळीतून आले. भगिनी निवेदितांचा जन्म तिथला. इंग्रजी सत्तेशी झुंजणाऱ्या डी व्हॅलेरांचे चरित्र आपल्या आजोबांच्या पिढीने आवडीने वाचले. त्या देशाने धर्माचे खरे वैर भोगले आहे आणि धर्माचे खरे राज्यही अनुभवले आहे. या दोहोंपैकी कशाने त्याची चर्चेस रिकामी झाली, याचे उत्तर इतिहासात स्वच्छ नोंदलेले आहे.

पाच पौंडांचा घोडा

१६९० च्या बॉईनच्या लढाईनंतर आयर्लंडमधील कॅथलिकांवर जे कायदे लादले गेले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. कॅथलिक माणसाला शस्त्र बाळगण्याची बंदी होती. पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा त्याने ठेवायचा नाही. कोणा प्रॉटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले, तर कितीही उमदे जनावर त्याच्या हवाली करायचे. १६९७ च्या कायद्याने सर्व बिशपांना आणि मठवासी धर्मगुरूंना देशाबाहेर काढले. १७०४ च्या कायद्यानुसार कॅथलिकाला जमीन विकत घेता येईना. बापाची जमीन सर्व मुलांत तुकडे करून वाटायची; थोरल्याने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, तर मात्र सारी त्याची! भावाला भावाविरुद्ध उभे करण्याचा इतका थंड डोक्याने केलेला कायदा विरळाच. १७२८ मध्ये उरलासुरला मताधिकारही गेला.

हे वैर करणारेही ख्रिस्तीच होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. परंतु वैर म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. आणि त्याचा परिणाम काय झाला? लोक डोंगरदऱ्यांत एखाद्या सपाट खडकालाच वेदी मानून, वाटेवर पहारा बसवून मिस्सा ऐकू लागले. असे ‘मास रॉक’ आजही आयर्लंडच्या रानात दाखवले जातात. १८२९ मध्ये डॅनियल ओकॉनेल यांच्या आंदोलनामुळे कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसण्याचा हक्क मिळाला, तेव्हा जवळजवळ दीड शतकाच्या छळातून तावूनसुलाखून निघालेली श्रद्धा पूर्वीपेक्षा घट्ट झाली होती. आयरिश असणे आणि कॅथलिक असणे यांत भेदच उरला नव्हता.

जेव्हा राज्यच आपले झाले

१९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले. नव्या सरकारजवळ पैसा नव्हता, शाळा नव्हत्या, रुग्णालये नव्हती. चर्चजवळ ती होती. सरकारने शिक्षण, आरोग्य, अनाथ मुले आणि ‘वाट चुकलेल्या’ स्त्रिया यांची जबाबदारी चर्चवर सोपवली आणि हात झटकले. १९३७ ची राज्यघटना पवित्र त्रैक्याच्या नामोच्चाराने सुरू होते. तिच्या ४४ व्या कलमाने कॅथलिक चर्चचे ‘विशेष स्थान’ मान्य केले; घटस्फोटालाही घटनेतच बंदी घातली गेली.

हे विशेष स्थान किती विशेष होते? १९५१ मध्ये नोएल ब्राउन या तरुण आरोग्यमंत्र्याने माता आणि सोळा वर्षांखालील मुले यांच्यासाठी मोफत उपचारांची योजना आणली. बिशपांनी हरकत घेतली : कुटुंबाच्या बाबतीत राज्याने हस्तक्षेप करणे कॅथलिक शिकवणीला धरून नाही. मंत्रिमंडळ बिशपांच्या बाजूने उभे राहिले आणि ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. जाताना त्यांनी बिशपांशी झालेला पत्रव्यवहार वृत्तपत्रांकडे दिला, हेच काय ते समाधान. लोकनियुक्त सरकारची योजना धर्मपीठाच्या एका पत्राने मागे घेतली जाते, त्या देशाला धर्मद्वेष्टा कोण म्हणेल?

२९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये आले, तेव्हा त्यांच्या मिस्सेला दहा लाखांहून अधिक लोक लोटले. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे चौतीस लाख होती. त्याच मैदानावर २६ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांची मिस्सा झाली. उपस्थिती दीड लाखाच्या आसपास. या एकोणचाळीस वर्षांत कोणी चर्च पाडले नाही, कोणा धर्मगुरूला हद्दपार केले नाही, कोणाचा घोडा हिसकावला नाही. मग ते लाखो लोक गेले कुठे?

नरो वा कुंजरो वा

१९९९ मध्ये आयर्लंडच्या सरकारी दूरचित्रवाणीने मेरी राफ्टरी या पत्रकार महिलेची एक मालिका दाखवली. गरिबी किंवा शाळा बुडवणे एवढ्याच ‘गुन्ह्या’साठी न्यायालयांनी ज्या मुलांना धर्मसंघांच्या औद्योगिक शाळांत धाडले, त्यांच्यावर तिथे काय गुदरले, याची ती हकीकत होती. मालिका चालू असतानाच पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने त्या मुलांची क्षमा मागितली. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा पाच खंडांचा अहवाल २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झाला. मारहाण ही तिथली नित्याची पद्धत होती आणि मुलांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार रुजलेला होता, असा त्याचा निष्कर्ष. वरिष्ठांना ठाऊक असे. ते अपराध्याची बदली करत, आणि नव्या शाळेत नवी मुले त्याच्या हाती पडत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल आला. १९७५ ते २००४ या काळात आलेल्या तक्रारी धर्मप्रांताने कशा हाताळल्या, याची ती चिकित्सा होती. गुप्तता, बदनामी टाळणे, संस्थेचा लौकिक आणि मालमत्ता राखणे यांना तिथे प्राधान्य होते. मुलांचा क्रमांक त्यानंतर. या अहवालातील दोन गोष्टी कोणत्याही शत्रूच्या टीकेपेक्षा भेदक आहेत. पहिली अशी, की १९८७ साली धर्मप्रांताने धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांतून उद्भवणाऱ्या भरपाईच्या दाव्यांसाठी विमा उतरवला होता. संकटाची कल्पना नसलेला माणूस विमा उतरवत नाही! दुसरी गोष्ट ‘मानसिक राखीवपणा’ नावाच्या जुन्या धर्मशास्त्रीय युक्तीची. समोरच्याची दिशाभूल होईल असे वाक्य बोलावे आणि सत्याचा उरलेला भाग मनातल्या मनात पुरा करावा. म्हणजे खोटे बोलल्याचे पाप लागत नाही. डब्लिनच्या माजी आर्चबिशपांनी आयोगाला ही युक्ती समजावून सांगितली.

महाभारत घरोघरी वाचणाऱ्या समाजाला तिचे स्पष्टीकरण नको. ‘नरो वा कुंजरो वा’ एवढे पुटपुटणे धर्मराजाला पुरेसे वाटले. पण त्या क्षणापर्यंत जमिनीच्या चार अंगुळे वरून चालणारा त्याचा रथ धुळीला टेकला. व्यासांनी धर्मराजालाही सूट दिली नाही. आयरिश जनतेने आपल्या बिशपांना ती का द्यावी?

येथे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या १९ मार्च २०१० च्या पत्राचा परामर्श घेणे आवश्यक आहे. आयरिश कॅथलिकांना लिहिलेल्या या पत्रात त्यांनी पीडितांविषयी खेद व्यक्त केला, अपराधी धर्मगुरूंना आणि चुकलेल्या बिशपांना खडे बोल सुनावले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कारणमीमांसा करताना त्यांनी आयरिश समाजाचे झपाट्याने झालेले परिवर्तन आणि इहवाद यांचाही उल्लेख केला. धर्मगुरूही ऐहिक विचारपद्धतीच्या आहारी गेले, असे सुचवले. तक्रारकर्त्यांचा आवडता युक्तिवाद तो हाच : आधुनिकतेने चर्चला बिघडवले. कालगणना मात्र या युक्तिवादाला साथ देत नाही. औद्योगिक शाळांविषयीच्या अहवालातील साक्षी १९३० च्या दशकापासूनच्या आहेत. तेव्हा आयर्लंडमध्ये दूरचित्रवाणी नव्हती, घटस्फोट नव्हता, संततिनियमनाची साधने विकणे गुन्हा होता. इहवाद त्या देशाच्या वेशीपर्यंतही पोहोचला नव्हता. जी दशके चर्चच्या वैभवाची, तीच या मुलांच्या नरकाची.

स्त्रियांची कहाणी वेगळी नाही. अविवाहित माता, अनाथ मुली, कोणाला नकोशा झालेल्या तरुणी यांना मॅग्डलेन धुलाईघरांत ठेवून त्यांच्याकडून विनावेतन कपडे धुऊन घेतले जात. १९२२ पासून अशा सुमारे दहा हजार स्त्रिया तिथे गेल्या; शेवटचे धुलाईघर बंद झाले १९९६ मध्ये. १९९३ साली डब्लिनमधील एका धर्मसंघाने जमीन विकायला काढली. तिथल्या थडग्यांतून १३३ देह हलवण्याची परवानगी घेतली गेली. खणताना आणखी बावीस सापडले. यात राज्याचा वाटा नव्हता असे नाही. पळून आलेल्या मुलीला पोलीसच परत पोहोचवत. आई-बाप मुलीला दाराशी सोडून मागे वळून पाहत नसत. अख्खा समाज यात सामील होता, आणि म्हणूनच जाग आल्यावर त्याचा संताप इतका तीव्र झाला. त्यात स्वतःविषयीची लाजही होती.

भरपाईचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. २००२ मध्ये सरकार आणि धर्मसंघ यांच्यात करार झाला. धर्मसंघांनी १२.८ कोटी युरो द्यायचे आणि पुढील दाव्यांतून मोकळे व्हायचे. प्रत्यक्षात खर्च गेला सुमारे दीडशे कोटी युरोंवर. उरलेला भार करदात्याने उचलला. वैरी म्हणवला जाणारा समाज तो हाच.

मते कोणी दिली?

१९८३ साली सार्वमताने गर्भपातबंदी राज्यघटनेत घातली गेली, तेव्हा सुमारे ६७ टक्के मते तिच्या बाजूने होती. २५ मे २०१८ च्या सार्वमताने ती काढून टाकली गेली, तेव्हा काढण्याच्या बाजूने ६६ टक्क्यांहून अधिक मते पडली. पस्तीस वर्षांत तराजू पूर्ण उलटा फिरला. या दोन सार्वमतांच्या मध्ये बेळगावच्या एका कन्येचा मृत्यू आहे. सविता हलप्पनवार ही दंतवैद्य गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात अटळ असल्याचे निदान होऊनही सुटकेची याचना करत राहिली; गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने तिचे प्राण गेले. ती एकतीस वर्षांची होती. उपचारांत हलगर्जी झाली, हे चौकशीत निष्पन्न झाले. पण हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगितले गेल्याची कबुलीही मृत्यूच्या चौकशीत नोंदली गेली. एका हिंदू स्त्रीच्या प्राणांवर बेतले असताना तिला देशाचा धर्म ऐकवला जावा, ही गोष्ट आयरिश माणसाच्या काळजाला लागली. डब्लिनच्या भिंतींवर तिचे चित्र उमटले. २०१८ च्या मतदानापूर्वी तिच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आवाहन केले होते.

आता साधे गणित मांडावे. २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के आयरिश लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणून नोंदवले. दोन वर्षांनी दोनतृतीयांश मतदारांनी बिशपांच्या सल्ल्याविरुद्ध कौल दिला. मग ही मते कोणा नास्तिक टोळीची? ती मते स्नानसंस्कार झालेल्या, कॅथलिक शाळांत शिकलेल्या, आजीच्या श्राद्धमिस्सेला आजही जाणाऱ्या माणसांचीच आहेत. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतदारांनी मान्यता दिली, तेव्हा डब्लिनचे आर्चबिशप डायरमिड मार्टिन यांनी चर्चने वास्तवाशी ताडून स्वतःला तपासावे, असे सांगितले. मर्फी आयोगाला धर्मप्रांताची हजारो कागदपत्रे देणारे हेच. घरातल्या माणसाला जे दिसले, ते दूरच्या प्रवचनकारांना दिसत नाही.

बरे, वैर असते तर त्याच्या खुणा कुठे तरी दिसायला हव्या होत्या. आयर्लंडची घटना आजही पवित्र त्रैक्याच्या नावानेच सुरू होते. दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत आणि शिक्षकांचे वेतन सरकार देते. सरकारी दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी सहा वाजता बातम्यांपूर्वी एंजेलसची घंटा अजून वाजते. २०२२ च्या जनगणनेतही ६९ टक्के लोकांनी ‘कॅथलिक’ याच शब्दापुढे खूण केली. मेनूथच्या १७९५ साली स्थापन झालेल्या धर्मशिक्षणपीठात २०१७ मध्ये केवळ सहा नवे विद्यार्थी दाखल झाले, हे खरे. पण त्यांना कोणी अडवले नव्हते. आज अनेक आयरिश गावांत मिस्सा म्हणायला भारतातून वा नायजेरियातून आलेले धर्मगुरू असतात आणि गावकरी त्यांना चहाला बोलावतात.

तक्रारीत तथ्याचा अंशच नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २०११ मध्ये त्याच आयरिश दूरचित्रवाणीने एका निरपराध धर्मगुरूवर अत्यंत गंभीर आरोप प्रसारित केला. तो खोटा ठरला. वाहिनीला क्षमा मागावी लागली, भरपाई द्यावी लागली, वर नियामक मंडळाने दोन लाख युरोंचा दंड ठोठावला. सूडाच्या वाऱ्यात निरपराधही पोळतात. २००४ मध्ये युरोपीय राज्यघटनेच्या मसुद्याच्या प्रास्ताविकात युरोपच्या ‘सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी’ वारशाचा उल्लेख आला, पण ख्रिस्ती हा शब्द येऊ दिला गेला नाही. ज्या खंडातील प्रत्येक जुन्या शहराच्या मध्यभागी कॅथीड्रल उभे आहे, त्याने स्वतःच्या आजोबांचे नाव घ्यायला लाजावे, हा कोतेपणाच. ब्रिटनमध्ये एका विमान कंपनीने २००६ मध्ये कर्मचारी महिलेला गळ्यातला छोटा क्रूस दिसू देण्यास मनाई केली, तोही मूर्खपणाच होता. परंतु त्या महिलेला २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेच न्याय दिला. इटलीच्या शाळांतील क्रूसाविरुद्ध त्याच न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला आणि २०११ मध्ये पंधरा विरुद्ध दोन मतांनी स्वतःच तो फिरवला. क्रूस भिंतीवर राहिला. चूक दुरुस्त करण्याचे दार उघडे ठेवणारे हे कसले वैर?

वैर मॉस्कोने पाहिले आहे. तिथले ख्रिस्त तारणहार कॅथीड्रल स्टालिनच्या राजवटीने डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंग लावून उडवले आणि पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव झाला. वैर मोसुलने पाहिले आहे. २०१४ च्या जुलैत इसिसच्या टोळ्यांनी ख्रिस्ती घरांवर अरबी ‘नून’ अक्षर रंगवले. धर्मांतर, जिझिया किंवा तलवार, असे पर्याय दिले. ज्या कुटुंबांचे पूर्वज इस्लामपूर्व काळापासून तिथे नांदत होते, त्यांना अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. डब्लिनच्या मतपेटीला आणि मोसुलच्या त्या अक्षराला एकाच शब्दात कोंबणे हा मोसुलच्या निर्वासितांचा उपहास आहे. आणि इहवादी म्हणून बदनाम झालेल्या फ्रान्समध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दाम पेटले, तेव्हा सीनच्या काठावर गुडघे टेकून स्तोत्रे गाणारे तरुण कोण होते? १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे करणाऱ्या त्याच प्रजासत्ताकाच्या मालकीचे ते मंदिर जगभरातून जमलेल्या सुमारे ८४ कोटी युरोंच्या निधीतून पुन्हा उभे राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची दारे उघडली.

आयर्लंडमध्ये मात्र वेगळेच काम सुरू आहे. ट्यूम या गावी १९२५ ते १९६१ पर्यंत जोगिणींच्या एका संघाकडे अविवाहित माता आणि त्यांची बालके यांच्या आश्रयगृहाची व्यवस्था होती. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासिकेने स्वतःच्या खर्चाने एकेक मृत्युदाखला मिळवून ७९६ बालकांची यादी केली. या मुलांच्या दफनाची नोंद तिला सापडेना. आधी तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. २०१७ मध्ये भूमिगत सांडपाण्याच्या बांधकामातील कप्प्यांत बालकांचे अवशेष असल्याचे शासकीय आयोगाने मान्य केले. त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि जुलै २०२५ मध्ये उत्खननाला प्रारंभ झाला. हाडे वेगळी करून, नातलगांच्या जनुकांशी ताडून, शक्य त्या प्रत्येक बालकाला नाव आणि थडगे द्यायचे आहे. हे काम सुमारे दोन वर्षे चालेल, असा अंदाज आहे.